चावीच्या जुडग्यातला चाकू: स्टीलचं नाव नंतर, आधी त्याचं पाणी बघा

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं, की चावीच्या जुडग्यात अडकवायला छोटा घडीचा चाकू हवाय, पातं दोन इंचाच्या आत, राहता चिपळूणला, काम म्हणजे कुरिअरची पार्सलं उघडणं, सुतळी कापणं, दुपारी डब्याबरोबर एखादं फळ. आधी घेतलेले दोन्ही वाया गेले, एक पंधरा दिवसांत बोथट झाला आणि दुसऱ्यावर पहिल्याच पावसाळ्यात गंजाचे ठिपके आले. आता बजेट चार हजार आहे, मेहुणे दिवाळीला ब्रिटनमधल्या लेस्टरहून येतायत त्यांच्याकडून मागवता येईल, तर "सगळ्यात चांगलं स्टील" कुठलं ते सांगा.

मी सव्वीस वर्षं भोसरीत हीट ट्रीटमेंटच्या भट्टीवर काढली. डाय, पंच, कटर, रोलर सगळं केलं, आणि घरी चाकूंना धार लावायचा नाद त्याच्या आधीपासूनचा. त्यामुळे जरा लांबण लागेल पण नीट वाचा, कारण तुमचा प्रश्न जिथून सुरू होतो तिथेच बहुतेक लोकांचे पैसे वाया जातात.

पात्यावर कोरलेलं स्टीलचं नाव म्हणजे तांदळाच्या गोणीवरचं नाव आहे. आंबेमोहोर आणला तरी भात कसा होणार ते शिजवणाऱ्याच्या हातात. आपल्याकडे लोहार म्हणतो ना "पाणी द्यायचं", तेच इथेही आहे, फक्त भट्टी मोठी आणि तापमान मोजायला थर्मोकपल लावलेली. चाकूचं स्टेनलेस साधारण हजार ते अकराशे डिग्रीपर्यंत तापवतात, तेवढ्या तापमानाला त्यातला कार्बन आणि क्रोमियम विरघळून लोखंडात मुरतो, मग झटकन गार केलं की ते कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळ, म्हणून परत दीडशे-दोनशे डिग्रीला तासभर ठेवून ठिसूळपणा काढतात, त्याला टेंपरिंग म्हणतात. आता यात भट्टी पन्नास डिग्री कमी ठेवली किंवा माल घाईघाईने बाहेर काढला तर कार्बन पुरेसा मुरत नाही, आणि मग स्टील कितीही भारी असू दे पातं मऊच राहणार. आणि जास्त तापवलं तर आतला दाणा मोठा होतो आणि धार बारीक बारीक तुकडे पडून जाते. बाहेरून दोन्ही पाती सारखीच चकचकीत दिसतात, गिऱ्हाइकाला काही कळायला मार्ग नाही.

गेल्या वर्षी शेजारचा मुलगा असाच एक बिननावाचा चाकू घेऊन आला, पात्यावर ठळक "४४०सी" कोरलेलं. ४४०सी म्हणजे जवळजवळ एक टक्का किंवा त्याहून जास्त कार्बन, नीट केलं तर रॉकवेलवर, म्हणजे कडकपणा मोजायच्या मापावर, ५८ च्या पुढे सहज जातं. मी बुडाशी, जिथे पातं दीड मिलिमीटर जाड होतं तिथे रॉकवेल मशीनचे तीन ठोके मारून बघितले. ४९, ५०, ४९. म्हणजे एकतर ते ४४०सी नव्हतंच, नाहीतर त्याला पाणीच दिलेलं नव्हतं. तुमचा पंधरा दिवसांत बोथट झालेला चाकू याच जातीचा असणार, मी न बघता सांगतो.

तुमच्याकडे रॉकवेल मशीन नसणार पण कानस असेल. घड्याळवाल्याकडे असते तशी बारीक कानस घ्या आणि पात्याच्या पाठीवर, धारेवर नाही हं, बुडाजवळ हलक्या हाताने एकदा ओढा. पन्नासच्या आसपासचं पातं असेल तर कानस घुसते, बोटाला ओढ जाणवते आणि पांढरा चुरा पडतो. ५६ च्या आसपास ती पकडते पण नाखुशीने, चुरा अगदी धुळीसारखा. साठच्या पुढे गेलं की कानस घसरते आणि काचेवर नख ओढल्यासारखा आवाज येतो. दोन-चार पात्यांवर करून बघितलं की हात आपोआप शिकतो. पाठीवर छोटा ओरखडा राहतो, म्हणून हे दुकानात नाही, घरी आणल्यावर करायचं.

आता स्टीलकडे येऊ, कारण नाव अगदीच बिनकामाचं आहे असं मी म्हणत नाही.

नुसतं "स्टेनलेस", "सर्जिकल स्टील" किंवा नुसतं "४४०" लिहिलेलं असेल तर त्याला काही अर्थ नाही. ४४० मध्ये ए, बी, सी असे तीन प्रकार आहेत आणि कार्बन साधारण ०.६ पासून १.२ टक्क्यापर्यंत कुठेही असू शकतो. ३सीआर१३ म्हणजे ०.३ टक्क्याच्या आसपास कार्बन, गंजत नाही पण धार टिकत नाही. ८सीआर१३एमओव्ही त्यापेक्षा बरंच बरं, चांगल्या कारखान्याने केलं असेल तर रोजच्या कामाला पुरतं, फक्त समुद्राच्या हवेत त्याला पुसत राहावं लागतं.

मग येतात ती साधी, जुनी, विश्वासाची स्टीलं. स्वीडनचं १२सी२७, अमेरिकन चाकूंमधलं ४२०एचसी, आणि स्विस चाकूंमध्ये वापरतात ते जर्मन नंबराचं १.४११०. यांच्यात कार्बन साधारण अर्ध्या टक्क्याच्या आसपास, क्रोमियम तेरा-चौदा टक्के. कार्बन कमी म्हणून आत कार्बाइडचे, म्हणजे कार्बन आणि धातू मिळून बनणारे मोठे कडक दाणे होत नाहीत, म्हणून धार खूप बारीक लावता येते, पटकन लागते, आणि क्रोमियम मोकळं राहतं म्हणून गंज दूर राहतो. कागदावर वाचलं तर यांच्यात काहीच थोर वाटत नाही, लोक नाक मुरडतात. पण खिशात, घामात, पावसात रोज फिरणाऱ्या छोट्या चाकूसाठी मी स्वतः यातलंच घेतो.

क्रोमियमचं जरा उलगडून सांगतो कारण तुमच्या दुसऱ्या चाकूचं कोडं त्यातच आहे. तुम्ही लिहिलंय की त्यावर "डी-२" लिहिलं होतं. डी-२ ला टूलरूमवाले एचसीएचसीआरच्या, म्हणजे हाय कार्बन हाय क्रोमियमच्या घरातलं म्हणतात, डाय-पंचला अफलातून स्टील आहे, दीड टक्का कार्बन आणि बारा टक्के क्रोमियम. आता बारा टक्के क्रोमियम म्हटल्यावर माणसाला वाटतं हे स्टेनलेसच झालं. पण इतका कार्बन असला की तो क्रोमियमला धरून बसतो, दोघांचे कडक दाणे बनतात, आणि गंजापासून वाचवायला जे क्रोमियम लोखंडात मोकळं हवं ते तेवढं उरतच नाही. म्हणून डी-२ पुण्याच्या कोरड्या हवेत वर्षभर ठीक राहील, चिपळूणच्या जुलैत नाही. आणि याच्या उलट उदाहरण म्हणजे मॅग्नाकट, अमेरिकेतल्या लॅरिन थॉमस या मेटलर्जिस्टने बनवलेलं पावडर स्टील (म्हणजे धातूची बारीक पूड दाबून बनवतात ते), २०२१ मध्ये आलं. त्यात क्रोमियम डी-२ पेक्षाही कमी आहे, १०.७ टक्के, तरीपण ते गंजाला सहज दाद देत नाही, कारण त्याची रचनाच अशी केलीय की कार्बनला धरायला व्हॅनेडियम आणि नायोबियम आहेत आणि क्रोमियम सगळं मोकळं राहतं. म्हणजे पुढच्या वेळी कोणी क्रोमियमचा नुसता टक्का सांगितला तर आधी कार्बन किती ते विचारा.

जपानी व्हीजी-१० हे मधलं, एक टक्का कार्बन, पंधरा टक्के क्रोमियम, थोडा कोबाल्ट, साठच्या आसपास कडक, गंज कमी, धार खूप छान. त्याच धर्तीचं चिनी १०सीआर१५सीओएमओव्ही, तेही चांगल्या हातचं असेल तर चालेल. एस३०व्ही, एस३५व्हीएन, एस९०व्ही वगैरे पावडर स्टीलं खरंच चांगली आहेत, मी त्यांना नावं ठेवत नाही, पण त्यात व्हॅनेडियमचे जे दाणे असतात ते आपल्या नेहमीच्या निसण्याच्या दगडापेक्षाही कडक असतात, मग डायमंडची पट्टी लागते, आणि चाळीस मिलिमीटरच्या पात्याला वर्षातून दोनदा धार लावायची त्यासाठी एवढा खर्च मला पटत नाही. तुम्हाला नादच लागला तर गोष्ट वेगळी, मग जरूर घ्या.

आता जे कोणी सांगत नाही ते. धार किती टिकते यात स्टीलच्या बरोबरीने, कधीकधी जास्तच, धारेच्या कोनाचा आणि धारेमागच्या जाडीचा हात असतो. शेफिल्डला कॅट्रा नावाची संस्था आहे, त्यांच्या मशीनवर वाळू मिसळलेला कार्डबोर्ड कापून चाकू तपासतात, आणि अशा चाचण्यांमधून जे गणित निघालंय ते साधारण असं की दोन्ही बाजू मिळून कोन एक डिग्री कमी केला तर जेवढा फायदा होतो तेवढाच हार्डनेस एक पॉइंट वाढवल्यावर होतो, त्यापेक्षा थोडा जास्तच म्हणा. आता विचार करा, बाजारातल्या स्वस्त चाकूची धार एका बाजूला पंचवीस-पंचवीस डिग्री लावलेली असते, ती पंधरावर आणली तर दोन्हीकडचे मिळून वीस डिग्री कमी झाले. हे काम तुम्ही घरी दगडावर अर्ध्या तासात करू शकता. स्टील बदलून एवढा फरक मिळवायचा म्हटलं तर खिसा रिकामा होईल. अट एकच, स्टीलला पाणी नीट दिलेलं हवं, नाहीतर पंधरा डिग्रीची बारीक धार लगेच वळते.

म्हणून चाकू हातात आला की पातं समोरून, टोकाकडून डोळ्यासमोर धरा. पाठीपासून धारेपर्यंत व्यवस्थित निमुळतं होत आलंय का, की छिन्नीसारखं जाड राहून शेवटी एकदम उतार दिलाय, ते लगेच दिसतं. छोट्या चाकूत "मजबूत" म्हणून जाड पातं देतात ते अगदी चुकीचं, या चाकूने कोणी लाकूड फोडणार नाहीये. सफरचंदात घातल्यावर जाड पातं कापत नाही, फोड उचकटते, कर्रकन आवाज येतो, त्यावरूनही ओळखता येतं.

आता नावं घेऊन सांगतो.

तुमच्या कामाला माझं पहिलं उत्तर व्हिक्टोरिनॉक्सचा क्लासिक एसडी. बंद असताना ५८ मिलिमीटर, वजन वीस-बावीस ग्रॅम, छोटं पातं, कात्री, नखाची कानस आणि तिच्याच टोकाला छोटा स्क्रूड्रायव्हर, शिवाय चिमटा आणि दातकोरणं. कंपनी स्वित्झर्लंडमधल्या इबाखची, कार्ल एल्सेनरने १८८४ मध्ये सुरू केलेली, आणि १८९७ मध्ये त्यांनी तो ऑफिसर्स चाकू रजिस्टर केला ज्याची ही सगळी पिलावळ. हार्डनेस ५६ च्या आसपास, आणि मुद्दा हा की दर वेळी ५६ च्या आसपासच. वर्षानुवर्षं लाखांनी माल काढूनसुद्धा पाणी इतकं एकसारखं ठेवणं काय असतं ते भट्टीवर उभं राहिलेल्यालाच कळेल, मला त्यांच्याबद्दल मनापासून आदर आहे. पातं पातळ, फळ सुंदर कापतं, आणि पार्सलची टेप कापायला तर ती छोटी कात्रीच इतकी कामाला येते की पातं वाचतं. धार एस३०व्हीइतकी टिकणार नाही हे खरं, पण दोन मिनिटांत परत येते. अॅल्युमिनियमच्या मुठीचा अॅलॉक्स प्रकार अजून पातळ आहे, खिशात कळतही नाही, फक्त त्यात चिमटा आणि दातकोरणं नसतं. मला स्वतःला तो जास्त आवडतो, करवंदाच्या जाळीत फिरणारे असाल तर मात्र चिमटेवालाच घ्या.

स्टीलमध्ये एक पायरी वर जायचं असेल तर स्पायडर्कोचा लेडीबग. कंपनी कोलोरॅडोची पण हा बनतो जपानमधल्या सेकीला, तलवारींचं जुनं गाव आहे ते. पातं साधारण ४९ मिलिमीटर, वजन सतरा-अठरा ग्रॅम, स्टील व्हीजी-१०, मागे लॉक, आणि पात्यातल्या गोल भोकात अंगठा घालून एका हाताने उघडतो. कापायला खरोखर जबरदस्त, एवढ्याशा आकारात इतकं धारदार मी दुसरं फारसं बघितलेलं नाही. त्यांच्या सॉल्ट नावाच्या चाकूंमध्ये कार्बनऐवजी नायट्रोजनवर भर दिलेली स्टीलं येतात, खाऱ्या पाण्यातही गंज धरत नाहीत, होडीवर किंवा मासळीच्या धंद्यात असणाऱ्याने तिकडे बघावं.

तिसरा, लाकडी मुठीचा ओपिनेल, फ्रान्सच्या साव्हॉय भागातला, १८९० पासूनचा. २ नंबरचं पातं साडेतीन सेंटीमीटर, ३ नंबरचं चार, ४ नंबरचं पाच. मोठ्यांना जी फिरती लोखंडी रिंग असते लॉकसाठी, ती ६ नंबरपासून पुढे, या छोट्यांना नसते. घ्याल तर १२सी२७ वालाच घ्या, कार्बन स्टीलवाला नको. माझ्याकडे कार्बन स्टीलचा छोटा चाकू होता, एकदा कैरी कापून नुसता शर्टाला पुसला आणि ठेवून दिला, संध्याकाळी उघडला तर पातं निळं-काळं पडलेलं आणि पुढची फोड चाखली तर लोखंडाची चव. घाटावर ज्याला पुसायची सवय आहे त्याने कार्बन घ्यावं, धार अप्रतिम लागते. कोकणात लाकडी मूठ पावसात फुगते आणि चाकू उघडायला जड जातो, तेही लक्षात ठेवा.

मेहुण्यांबद्दल एक गोष्ट नक्की सांगा. ब्रिटनमध्ये विनाकारण खिशात बाळगायला चालतो तो फक्त लॉक नसलेला, घडीचा आणि तीन इंचांपर्यंत धार असलेला चाकू. लॉक असलेला चाकू तिथल्या कोर्टाने घडीच्या चाकूत धरलेला नाही, मग तो कितीही छोटा असो. म्हणजे क्लासिक आणि छोटा ओपिनेल त्यांना तिथे खिशात ठेवता येतो, लेडीबग नाही, तो घेतला तर घरी खोक्यात ठेवायचा आणि थेट चेक-इन बॅगेत टाकायचा. विमानात केबिन बॅगेत कुठलाच नको. युरोपात सहा सेंटीमीटरपर्यंत पातं चालतं असा नियम आहे खरा, पण आपल्या विमानतळावर सिक्युरिटीला तो काढूनच घेतात, आणि चावीच्या जुडग्यातला चाकू सगळ्यात जास्त तिथेच जातो कारण तो आहे हेच आपण विसरतो. आपल्याकडे शस्त्र कायद्यात नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची गोष्ट आहे, त्यामुळे तुमचा चाकू त्याच्या जवळपासही नाही, पण महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली सणावारी, निवडणुकीत मनाई आदेश निघतात त्यात चाकूंचा उल्लेख असतो, तेव्हा सभा-मिरवणुकीला जाताना तो जुडग्यातून काढून घरी ठेवा.

धार लावायची पद्धत सांगून टाकतो, नाहीतर एवढं सगळं वाया. सायकलवर चाक घेऊन येतो त्या धारवाल्याकडे हा चाकू देऊ नका. त्याची कला विळीला आणि कोयत्याला आहे, पण कोरड्या चाकावर एवढं पातळ पातं दोन सेकंदांत तापतं, दोनशे डिग्रीच्या वर गेलं की भट्टीत दिलेलं पाणी उतरलं, ते परत येत नाही. घरी हजार नंबरचा पाण्याचा दगड पुरे. दगड ओला करायचा, पातं आडवं ठेवायचं आणि पाठ थोडी उचलायची. पातं आठ मिलिमीटर रुंद असेल तर पाठ दोन मिलिमीटर वर उचलली की जवळजवळ पंधरा डिग्री होतात. धार पुढे ठेवून, दगडाचा पापुद्रा काढल्यासारखं हलकं ओढायचं. एका बाजूला दहा-बारा वेळा झालं की दुसऱ्या बाजूने अंगठ्याचा गर पाठीकडून धारेच्या दिशेने, धारेला आडवा फिरवा, बारीकशी कड अडकल्यासारखी लागते, तिला आम्ही बर म्हणतो. टोकापासून बुडापर्यंत सलग बर लागेपर्यंत बाजू बदलायची नाही, नव्वद टक्के लोक इथेच घाई करतात. मग दुसरी बाजू तशीच, मग दाब कमी करत एकेक आलटून पालटून, आणि शेवटी चहाच्या कपाच्या बुडाला जी बिनचकाकीची खरखरीत कड असते तिच्यावर प्रत्येक बाजूने तीन-चार हात. ट्यूबलाइटखाली धार वर करून बघा, कुठे पांढरी चमक दिसली तर तिथे अजून बोथट आहे, चांगली धार प्रकाशात दिसतच नाही.

पावसाळ्यात रात्री चाव्या ठेवताना पातं उघडून फडक्याने पुसा, आठवड्याला सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. खोबरेल नको, ते थंडीत थिजतं आणि खिशातली धूळ धरून चिकट होतं. कैरी, लिंबू, कोकम कापलं की लगेच पाण्याने धुवायचं, स्टेनलेस असलं तरी.

तर मेहुण्यांना क्लासिक एसडी किंवा त्याचा अॅलॉक्स सांगा, तुमच्या चार हजारांत बसून उरलेल्या पैशात दगड येईल. तो आपल्याकडेही मिळतो, फक्त अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या, फूटपाथवरचे लाल मुठीचे नकली खूप आहेत. आणि ते आधीचे दोन टाकून देऊ नका. डी-२ वाल्याचे ठिपके टूथपेस्ट आणि बुचाच्या तुकड्याने घासून काढा, तेल लावून घरात बंद डब्यात ठेवा, पार्सलं कापायला तो वर्षानुवर्षं पुरेल. बोथट झालेल्यावर आधी दगडाचा हात साफ करून घ्या, सात-आठ वेळा धार लावेपर्यंत कोन हातात बसतो. कानस मारून बघितल्यावर ती घुसली की घसरली तेवढं मात्र मला लिहून कळवा.